पातेल्याचा हिशोब, ताटातला वाटा

घरच्या जेवणातल्या कॅलरी मोजायला नुकती सुरुवात केलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. आकडे जिन्नसाच्या खाण्याजोग्या भागाचे, १०० ग्रॅममागचे आणि किलोकॅलरीतले आहेत. बोलताना आपण जिला नुसती ‘कॅलरी’ म्हणतो, ती हीच. जात, पीक आणि स्निग्धांश यांनुसार ते थोडे मागेपुढे होतात.

प्रश्न : विकतच्या पाकिटावर आकडे छापलेले असतात. घरी एका पातेल्यात आठ जिन्नस पडतात, चौघं जेवतात. माझ्या ताटात किती आलं, हे काढायचं कसं?

उत्तर : ताटापासून सुरुवात केली की गोंधळ होतो. आधी अख्ख्या पातेल्याचा हिशोब करा, मग त्यातला आपला वाटा काढा. मसूर आणि बटाट्याचा रस्सा उदाहरणाला घेऊ.

कोरडी मसूर २०० ग्रॅम (१०० ग्रॅमला ३५०) : ७००
सोललेला बटाटा ३०० ग्रॅम (७७) : २३१
कांदा १५० ग्रॅम (४०) : ६०
टोमॅटो २०० ग्रॅम (१८) : ३६
गाजर १०० ग्रॅम (४१) : ४१
तेल ३० ग्रॅम (८८४) : २६५
पाणी १ लिटर : ०

एकूण १,३३३. शिजवायच्या आधी रिकाम्या पातेल्याचं वजन करून कुठेतरी लिहून ठेवा. या सगळ्यात विसरली जाते ती हीच पायरी, आणि भरलेल्या पातेल्यासमोर उभं राहिल्यावर आठवते. समजा रिकामं पातेलं ८२० ग्रॅम आहे आणि रस्सा तयार झाल्यावर पातेल्यासकट वजन २,५६० ग्रॅम भरलं. म्हणजे रस्सा १,७४० ग्रॅम. १,३३३ ला १,७४० ने भागलं की ग्रॅममागे ०.७६६ कॅलरी येतात, १०० ग्रॅमला साधारण ७७. तुम्ही ३५० ग्रॅम वाढून घेतला तर तुमच्या वाट्याला २६८ आल्या.

कच्च्या मालाचं वजन १,९८० होतं आणि रस्सा १,७४० भरला, तर २४० ग्रॅम गेलं कुठे? वाफ होऊन उडालं. पाण्यात कॅलरी नसतात, त्यामुळे बेरीज तीच राहते, फक्त रस्सा दाट होतो. म्हणूनच शेवटचं वजन दर वेळी नव्याने करावं लागतं. मागच्या वेळचा ७७ चा आकडा आजच्या पातळ रश्श्याला लावता येत नाही.

वाढण्याआधी तळापासून ढवळा. डाळ खाली बसते. वरवरचं वाढून घेणारा आपण जेवलो त्यापेक्षा जास्त कॅलरी लिहितो आणि शेवटी जेवणाऱ्याच्या ताटात नुसता गाळ येतो.

प्रश्न : ॲपमध्ये भाताचे दोन आकडे दिसतात, एक १३० आणि एक ३६०. खरा कोणता?

उत्तर : दोन्ही खरे. ३६० हा कच्च्या तांदळाचा, १३० शिजलेल्या भाताचा. नवशिक्यांच्या हिशोबात सगळ्यात मोठी चूक इथेच होते : वजन शिजलेल्याचं आणि आकडा कच्च्याचा. १८० ग्रॅम भाताला ३६० चा दर लावला तर ६४८ कॅलरी येतात. खऱ्या असतात २३० च्या आसपास. उलटी चूक केली, म्हणजे कच्चा तांदूळ मोजून त्याला भाताचा दर लावला, तर जवळपास दोन तृतीयांश कॅलरी हिशोबातून गायब होतात.

शक्य असेल तिथे कच्चंच मोजा. १३० हा सरासरी आकडा आहे, तुमच्या भातात पाणी किती मुरलं हे त्याला ठाऊक नसतं. ३०० ग्रॅम तांदळात १,०८० कॅलरी. त्याचा भात ८५० ग्रॅम झाला तर १०० ग्रॅमला १२७. तोच मऊ शिजवून ९५० ग्रॅम झाला तर ११४. डाळी आणि कडधान्यांचंही तेच. छोले कोरडे असताना ३८० च्या जवळ, शिजल्यावर १६४. भिजवून ठेवलेल्यांचं वजन या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं, म्हणून वजन भिजत घालण्याआधीच करायचं.

मांसाचं उलटं होतं. ते पाणी पिण्याऐवजी सोडतं. बिनहाडाची, बिनकातडीची ५०० ग्रॅम कोंबडीची छाती (कच्ची, १२०) म्हणजे ६०० कॅलरी. भाजल्यावर ती ३७५ ग्रॅम उरली तर १०० ग्रॅमला १६०. शिजलेली १५० ग्रॅम वाढून घेऊन कच्च्याचा दर लावला, तर २४० च्या जागी १८० लिहिल्या जातात.

प्रश्न : भाज्या चिरताना प्रत्येक गोष्ट काट्यावर ठेवून जीव मेटाकुटीला येतो. एवढं नेमकं मोजायलाच हवं का?

उत्तर : नको. नेमकेपणा कुठे खर्च करायचा ते ठरवा. वरच्या रश्श्यात कांदा ५० ग्रॅमने चुकला तर पातेल्यात २० कॅलरींचा फरक पडतो, चौघांत वाटला की माणशी ५. तेल ३० ऐवजी ५० ग्रॅम पडलं तर १७७ चा. कच्च्या मालाच्या वजनात तेल दीड टक्का आणि कॅलरींत वीस टक्के. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला ४ कॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ ९. पालक (२३), कोबी (२५), टोमॅटो यांच्यात बहुतेक पाणीच असतं. ते अंदाजाने लिहिले तरी चालतात.

काट्यावर यायलाच हवेत ते तेल, लोणी, साखर, मध, शेंगदाणे-बदाम-काजू, चीज, आणि धान्यं-डाळी-पीठं. बटाटा नि मटार मध्ये बसतात. आधी सोला, मग मोजा. साल, बिया, अंड्याचं टरफल हे वजनात आलं तर आकडा फुगतो. केळ्याचं तर साधारण तिसरा हिस्सा वजन सालीचंच असतं.

प्रश्न : तेल चमच्याने मोजते, तरीही ‘तेलातच चुकतंय’ असं आहारतज्ज्ञ म्हणतात.

उत्तर : कोणता चमचा, हे आधी पाहा. मोजमापाचा छोटा चमचा ५ मिलिलिटरचा असतो. त्यात साडेचार ग्रॅम तेल मावतं, म्हणजे ४० कॅलरी. मोठा १५ मिलिलिटरचा, त्यात साडेतेरा ग्रॅम, म्हणजे १२०. जेवायचे चमचे कुठल्याच मापाचे नसतात. बाटलीतून थेट धार सोडली तर मोजायचा प्रश्नच मिटतो.

सोपी युक्ती : तेलाची बाटली काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. बाटली उचला, हवं तेवढं तेल ओता, बाटली परत ठेवा. काटा उणे १८ दाखवेल, म्हणजे १८ ग्रॅम तेल कढईत गेलं. लोण्याचा डबा, मधाची बरणी, शेंगदाण्याचं लोणी, सगळ्यांना हीच रीत लावता येते, चमचाही खरकटा होत नाही.

तेल कोणतंही असो, दर तोच. ‘हलकं’ म्हणून विकलं जाणारं तेल चवीला किंवा रंगाला हलकं असतं, कॅलरींना नाही. लोणी ७१७ वर थांबतं, कारण त्यात साधारण १६ टक्के पाणी असतं. फवाऱ्याच्या तेलावर ‘शून्य कॅलरी’ लिहिलेलं दिसलं तर खाली वाढणीचं माप वाचा : सेकंदाच्या अंशाइतका फवारा. एवढ्याशा मापाचा आकडा खाली शून्यावर आणला जातो. आपण मात्र तवाभर मारतो.

प्रश्न : कणकेचं काय करायचं? पोळ्या लहानमोठ्या होतात, पीठ लावून लाटल्या जातात, वरून तेल लागतं.

उत्तर : पोळी मोजू नका, गोळा मोजा. ५०० ग्रॅम गव्हाच्या पिठात (३४०) १,७०० कॅलरी. ३०० ग्रॅम पाणी घालून मळलं की ८०० ग्रॅम कणीक होते, म्हणजे १०० ग्रॅमला २१२. ४० ग्रॅमचा गोळा ८५ कॅलरींचा. तव्यावर त्याचं वजन घटतं, कॅलरी तेवढ्याच राहतात. म्हणून भाजलेली पोळी तोलून कणकेचा दर लावला तर आकडा कमी येतो. कणकेत तेल घातलं असेल तर तेही बेरजेत धरा.

लाटताना लागणाऱ्या पिठासाठी पिठाची वाटी आधी आणि शेवटी तोला, ओट्यावर सांडलेलं परत वाटीत भरून. पाच-सहा वेळा असं केलं की आपल्या हाताला पोळीमागे किती पीठ लागतं ते कळतं आणि मग मोजायची गरज उरत नाही. वरून लावलेल्या तेलाचं मात्र तसं नाही. पोळीला ३ ग्रॅम तेल म्हणजे २७ कॅलरी, ८५ ची पोळी ११२ ची झाली. दोन्ही बाजूंना सढळ हात फिरला तर आणखी.

प्रश्न : तळलेल्या पदार्थात तेल किती शिरलं, हे घरी कळू शकतं का?

उत्तर : बऱ्यापैकी. कढई तेलासकट आधी तोला आणि तळण झाल्यावर, तेल पूर्ण गार झाल्यावर, पुन्हा तोला. तापलेली कढई काट्यावर ठेवू नका : काचेला तडा जाऊ शकतो, आतला संवेदक बिघडतो आणि हिंदकळलेलं तेल अंगावर येतं. आधी १,२४० आणि नंतर १,१६५ भरली, तर ७५ ग्रॅम तेल गेलं, म्हणजे ६६३ कॅलरी. त्या पिठाच्या, बटाट्याच्या, जे तळलं त्याच्या कॅलरींत मिळवा आणि तयार पदार्थाच्या वजनाने भागा. शिंतोडे उडाले, कागदाने टिपलं, तेवढं तेल या हिशोबात जास्तीचं येतं. कागद तळणाआधी आणि नंतर तोलला तर तेही वजा करता येईल, पण नवशिक्याने त्या फंदात पडायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र कामाची आहे. पदार्थ तेलात असतो तोवर आतून वाफ बाहेर पडत असते, ती तेलाला फारसं आत येऊ देत नाही. पदार्थ बाहेर काढला की गार होताना आतली वाफ आटते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. तेव्हा निथळायचं ते गरम असतानाच, काढल्याक्षणी. ताटात रचून ठेवल्यावर पाच मिनिटांनी कागद दाबून फारसं काही हाती लागत नाही.

प्रश्न : वजनकाटा कोणता घ्यावा? माझा काटा चिमूटभर साखर घातली तर हलतच नाही.

उत्तर : एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ५ किलोपर्यंत पेलणारा, शून्य करायचं बटण असलेला साधा डिजिटल काटा पुरतो. त्याचा पृष्ठभाग मोठ्या पातेल्याखाली आकडा झाकला जाणार नाही असा पाहून घ्या. झाकला गेलाच तर पातेल्याखाली एक उलटी वाटी ठेवून काटा शून्य करा.

तुमचा काटा बिघडलेला नसावा. असे बरेच काटे आपला शून्य आपणच सांभाळतात : अगदी हळूहळू पडणारं वजन त्यांना ‘शून्य सरकला’ असं वाटतं आणि ते पुसून टाकतात. दोन-तीन ग्रॅमची वस्तू एकदम ठेवा, किंवा वर तेलाला सांगितली तशी बरणीच तोला. काटा तपासायचा असेल तर मापाच्या भांड्याने ५०० मिलिलिटर पाणी घ्या. ते ५०० ग्रॅमच्या जवळ भरायला हवं. गादीसारख्या मऊ किंवा उतरत्या जागेवर ठेवलेला काटा खोटं बोलतो. आणि चिरताचिरता काटा आपोआप बंद पडला की मधली बेरीज जाते, तेव्हा प्रत्येक आकडा लगेच कागदावर उतरवा.

प्रश्न : आमच्या घरी स्वयंपाक मी करत नाही, आणि करणाऱ्यांना काट्याचं नाव काढलेलं आवडत नाही.

उत्तर : मग डाव मोजा. एकदा विचारून घ्या की डाळ किती, तेल साधारण किती पळ्या. पातेल्यात एकूण किती डाव भरतात ते वाढताना पाहा. वरचा १,३३३ कॅलरींचा रस्सा १० डाव भरला तर डावाला १३३. ढोबळ आहे, पण ॲपमधल्या अनोळखी ‘एक वाटी रस्सा’पेक्षा कितीतरी जवळचं. तेलासाठी महिन्याचा हिशोबही करता येतो : महिन्यात घरात किती लिटर संपलं, जेवणारे किती. लिटरभर तेल म्हणजे ९२० ग्रॅम, म्हणजे ८,१०० कॅलरींहून थोडं जास्त. तळणाचं टाकून दिलेलं वजा करा आणि माणशी, दिवशी भागा. आकडा पाहून स्वयंपाक करणारी व्यक्तीसुद्धा कदाचित काट्याकडे वळून बघेल.

प्रश्न : एकाच पदार्थाच्या ॲपमध्ये वीस नोंदी. कुठली घ्यायची?

उत्तर : तयार पदार्थाची एकही घेऊ नका, कुणा अनोळखी माणसाने स्वतःच्या कढईचा अंदाज तिथे टाकलेला असतो. जिन्नस एकेक निवडा आणि ‘कच्चा’ की ‘शिजवलेला’ हा शब्द पाहा. शंका आली तर अमेरिकी कृषी विभागाच्या ‘फूडडेटा सेंट्रल’ या सगळ्यांना मोफत खुल्या असलेल्या साठ्यात तोच जिन्नस ताडून बघा.

दुसरी चाचणी घरबसल्या होते. समजा नोंदीत प्रथिनं ८ ग्रॅम, कर्बोदकं ६०, स्निग्ध पदार्थ २० आहेत. ८ चोक ३२, ६० चोक २४०, २० नव्वे १८०, बेरीज ४५२. शेजारी ३०० लिहिलं असेल तर नोंद सोडून द्या. पाच-दहा टक्क्यांचा फरक चालतो, कारण तंतू कर्बोदकांत धरलेले असतात आणि ते ग्रॅमला ४ नव्हे, सुमारे २ कॅलरीच देतात. आकडा चौपटीहून थोडा मोठा, १,८९० वगैरे दिसला तर घाबरू नका. तो किलोज्यूलमध्ये आहे. ४.१८४ ने भागा, ४५२ येतील.

प्रश्न : हाडासकट मांस शिजवतो. हाडांचं वजन कसं काढायचं?

उत्तर : जेवण झाल्यावर. तुमच्या ताटात हाडांसकट किती तुकडे आले ते तोला, जेवून झालं की चघळलेली हाडं तोला, वजा करा. उरलं ते शिजलेलं मांस. त्याला शिजलेल्याचाच दर लावा. रश्श्यात तुकडे असतील तर तुकडे आणि रस वेगळे मोजा, नाहीतर ज्याला दोन तुकडे आले आणि ज्याला चार आले त्या दोघांचा हिशोब सारखाच निघेल.

प्रश्न : भात फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खाल्ला की कॅलरी निम्म्या होतात, हे खरं का?

उत्तर : नाही. गार होताना थोडा स्टार्च पचायला अवघड अशा रूपात जातो, इतकंच खरं. समजा १०० ग्रॅम भातातल्या २८ ग्रॅमपैकी २ ग्रॅम तसा झाला : त्याने ४ ऐवजी २ कॅलरी दिल्या, तर वाचल्या चार. हिशोबात धरू नका. भात ठेवायचाच असेल तर पसरून लवकर गार करा आणि फ्रिजमध्ये टाका. शिजवूनही न मरणारे जिवाणूंचे बीजाणू तासन्‌तास ओट्यावर राहिलेल्या भातात वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

प्रश्न : तीन आठवडे रोज ३०० कॅलरी कमी खातोय. वजनकाटा ढिम्म.

उत्तर : किलोभर चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी धरतात. रोज ३०० म्हणजे आठवड्याला २,१००, म्हणजे पाव किलोहून जरासं जास्त. शरीरातलं पाणी मात्र मीठ, झोप, पाळी, बद्धकोष्ठ यांपायी एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतं. त्याखाली पाव किलो सहज दडतो. रोज सकाळी एकाच वेळी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी आधीच्या सात दिवसांशी ताडा.

चौथ्या-पाचव्या आठवड्यातही सरासरी हलली नाही, तर न लिहिलेलं शोधा. फोडणीत जास्तीचा एक मोठा चमचा तेल १२०, येताजाता मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे १७०, दोन कप कॉफीत दोन-दोन चमचे साखर ६४. झाल्या ३५४. तुमचे ३०० यातच गेले. व्यायामाच्या यंत्राने दाखवलेल्या कॅलरी जेवणात परत मिळवत असाल तर ते थांबवा. ते आकडे बहुधा फुगलेले असतात. हे सगळं नीट असेल, तर तुमची रोजची गरज ज्या सूत्राने काढली तेच तुम्हाला लागू पडलेलं नाही. सूत्र सरासरी माणसाचं असतं. आणखी १०० ते १५० कमी करून पुन्हा तीन आठवडे पाहा. पण उपाशी राहण्यापर्यंत जाऊ नका.

प्रश्न : मुलगी सोळा वर्षांची आहे, तिलाही मोजायचंय. शिकवू का?

उत्तर : स्वतःहून नको. वाढीच्या वयात, गरोदरपणात, अंगावर पाजताना, आणि खाण्याविषयी भीती किंवा आजार कधी होऊन गेला असेल तर आकड्यांचा नाद घातक ठरू शकतो. आधी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ. इन्सुलिन घेणाऱ्यांनीही जेवण परस्पर कमी करू नये. डोस तसाच ठेवून कर्बोदकं घटवली तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. ताटं ढकलणं, चोरून खाणं, जेवणाआधी रडू येणं असं काही दिसलं तर काटा कपाटात ठेवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.

प्रश्न : मीठ, हळद, मसाले, लिंबू?

उत्तर : मिठात शून्य. दळलेल्या मसाल्याचा छोटा चमचा दोन-तीन ग्रॅमचा, त्यात फार तर दहा कॅलरी, त्याही चौघांत. लिंबाचा रस सोडून द्या. तेलात परतलेलं वाटण मात्र मसाला म्हणून सोडू नका, त्यातलं तेल लिहा.